बाळंतिणीला आधार कोठे मिळतो? : बारामती-इंदापूर परिसरातील स्तनपान-साहाय्य

प्रास्ताविक

लोकजीवन आणि भाषा यांचा संबंध अभ्यासताना आपण सण, जात्यावरच्या ओव्या, म्हणी, लग्नविधी यांच्याकडे वळतो. बाळंतिणीच्या खोलीकडे मात्र अभ्यासकाचे लक्ष सहसा जात नाही. वस्तुतः तेथे जुने शब्द, जुन्या समजुती, शासकीय योजना आणि वैद्यकशास्त्र ही सर्व एकाच वेळी एकत्र येतात, आणि त्यांच्या मेळावर किंवा गोंधळावर एका नवजात जिवाचे पोषण अवलंबून असते.

या घटकात पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे दोन तालुके समोर ठेवून आपण एकच प्रश्न विचारात घेणार आहोत : नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीला बाळास अंगावर पाजताना अडचण आली, तर तिने आणि तिच्या घरच्यांनी कोणाकडे जावे? प्रश्न साधा दिसतो. आरोग्य केंद्रे आहेत, आशा आहेत, अंगणवाड्या आहेत, खाजगी दवाखाने तर बारामती शहरात रस्तोरस्ती आहेत. तरीही अडचणीच्या नेमक्या दिवशी यांपैकी कोणीच बाळंतिणीजवळ नसते, असे वारंवार घडते. असे का घडते आणि त्यावर काय करता येते, हे या विवेचनाचे सूत्र आहे.

तुमच्यापैकी काही जणी स्वतः आशा, अंगणवाडी सेविका किंवा परिचारिका असतील. त्यांना यातील माहिती परिचयाची वाटेल. पुरुष विद्यार्थ्यांनी हा 'बायकांचा विषय' म्हणून पाने उलटून पुढे जाऊ नये. आशाताईंचा क्रमांक पुष्कळ घरांत पुरुषाच्याच मोबाइलमध्ये असतो, आणि वेळेला तो मोबाइल पुरुषाबरोबर शेतावर गेलेला असतो.

गोठ्यातील शब्द आणि घरातील शब्द

बारामती आणि इंदापूर हा उसाचा आणि दुधाचा मुलूख आहे. १८८५ साली सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्याने येथे ऊस आणला. उसाच्या वाड्यावर आणि हिरव्या चाऱ्यावर गोठे उभे राहिले. त्यामुळे दुधाविषयीची शब्दसंपत्ती येथील घराघरांत सहज आढळते. गाय 'पान्हा सोडते', 'पान्हा चोरते', कालवड 'पहिलारू' असते, व्यालेल्या जनावराच्या पहिल्या दुधाला 'चीक' म्हणतात आणि त्याचा खरवस होतो. संस्कृतात याच पहिल्या दुधाला 'पीयूष' हा शब्द आहे, आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ अमृत असा होतो.

आता या शब्दांमागचे ज्ञान पाहा. वासराला पहिल्या काही तासांतच चीक मिळाला पाहिजे, हे येथील कोणताही पशुपालक जाणतो. गाय पान्हा चोरू लागली तर ती आटली असे तो म्हणत नाही. गोठ्यात अनोळखी माणूस आला होता का, कोणी मारले का, वासरू समोर आहे का, हे तो आधी पाहतो. तो वासराला आधी तोंड लावू देतो, कासेला ऊन पाण्याने धुतो, गाईच्या पाठीवरून हात फिरवतो आणि थांबतो.

हेच ज्ञान गोठ्यातून घरात येताना मात्र हरवते. स्त्रीच्या बाबतीत चीकदूध 'घट्ट', 'पिवळे', 'बाळाला न पचणारे' ठरवून पिळून टाकण्याची रीत अनेक ठिकाणी होती आणि तिचे अवशेष अजून भेटतात. पहिलटकरीण दुसऱ्या दिवशी रडवेली झाली की भोवतालच्या बायका 'हिला दूधच नाही' असा निर्णय देऊन मोकळ्या होतात. 'दूध नाही' आणि 'पान्हा फुटत नाही' या दोन वाक्यांत मोठा फरक आहे. पहिले वाक्य दार बंद करते. दुसरे वाक्य कारण शोधायला लावते.

शरीरशास्त्र दुसऱ्या वाक्याच्या बाजूने आहे. दूध तयार होणे आणि दूध वाहणे या दोन वेगळ्या क्रिया असून त्यांची संप्रेरकेही वेगळी आहेत. प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे दूध तयार होते. बाळ जितक्या वेळा ओढेल तितके ते अधिक स्रवते, आणि रात्री त्याचे प्रमाण विशेष असते. ऑक्सिटोसिनमुळे तयार झालेले दूध वाहू लागते. वेदना, भीती, लाज आणि चिंता यांनी या दुसऱ्या क्रियेत अडथळा येतो. आपले पूर्वज ज्याला पान्हा म्हणत, तो हाच प्रकार होय. म्हणून बाळंतिणीसमोर 'तुला दूध नाही' असे पुन्हापुन्हा म्हणणे हा केवळ असभ्यपणा नसतो. त्या बोलण्यानेच पान्हा आखडू शकतो.

पहिले दोन दिवस दूध थेंबांनी आणि चमच्यांनीच मोजावे इतके असते, कारण नवजात बाळाचे पोटही तेवढेच लहान असते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी छाती भरून येते आणि दूध वाढते. सिझेरियन झाले असेल किंवा पहिलटकरीण असेल तर यास एखादा दिवस अधिकही लागतो. ही गोष्ट आधीच सांगितली गेली तर घर निश्चिंत राहते. सांगितली गेली नाही तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कोणीतरी पावडरचा डबा आणायला जातो. डबा सुरू झाला की बाळ छातीला कमी लागते, कमी ओढल्याने दूध कमी तयार होते, आणि 'हिला दूध नाही' हे भाकीत आपोआप खरे ठरते.

तिसरा-चौथा दिवस

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील ८८.६ टक्के प्रसूती रुग्णालयात झाल्या. पण जन्मानंतर तासाभरात अंगावर पाजलेल्या बालकांचे प्रमाण ४१.८ टक्केच होते. या दोन आकड्यांतील अंतर बारकाईने पाहावे. रुग्णालयात पोहोचणे आणि रुग्णालयात पाजण्यास मदत मिळणे या भिन्न गोष्टी आहेत, असे हे अंतर सांगते.

आता आपल्या परिसरातील एक सर्वसाधारण क्रम डोळ्यांसमोर आणा. समजा, सासर निमगाव केतकीचे आणि माहेर पणदऱ्याचे. मुलीची गरोदरपणाची नोंद सासरच्या आशांकडे झाली. सातव्या-आठव्या महिन्यात ती माहेरी आली. बाळंतपण बारामती शहरातील एखाद्या दवाखान्यात झाले. तिसऱ्या दिवशी घरी सोडले आणि ती माहेरी परतली. सासरच्या आशांच्या वहीत तिचे नाव आहे, पण ती तेथे नाही. माहेरी ती आहे, पण तेथील आशांच्या वहीत तिचे नाव नाही. आणि नेमका हाच तिसरा-चौथा दिवस छाती दगडासारखी भरून येण्याचा, बाळाला तोंडात नीट न धरता येण्याचा, बोंडशीला चिरा पडण्याचा असतो. पाचवीच्या पूजेला नात्यातल्या बायका जमतात तेव्हा सल्ल्यांचा पूर येतो. सल्ला देणाऱ्या दहा जणी असतात, जवळ बसून पाहणारी एकही नसते.

यावरचा उपाय खर्चाचा नाही. माहेरी येताच, म्हणजे बाळंतपणापूर्वीच, माहेरच्या गावातील आशाताईंना भेटून नाव सांगावे. येताना माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर आणावे. दवाखान्यातून निघण्याच्या दिवशी त्यांना फोन करावा. हे काम बाळंतिणीने करावयाचे नसून तिच्या आईने, भावाने किंवा नवऱ्याने करावयाचे आहे. प्रसूती खाजगी दवाखान्यात झाली म्हणून आशांच्या भेटीचा हक्क जात नाही, हेही लक्षात असू द्यावे. पुष्कळ सुशिक्षित कुटुंबे 'आपण खाजगीत दाखवतो' या समजुतीने ही सेवा आपल्यासाठी नाहीच असे धरून चालतात.

कोणाकडे जावे आणि काय मागावे

आशा हा शब्द आता मराठीत पूर्ण रुळला आहे. २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ही योजना आली; साधारणपणे हजार लोकसंख्येमागे एक आशा असते आणि ती त्याच गावची असते. रुग्णालयात प्रसूती झाली असल्यास तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन आई व बाळ यांना पाहावे, अशी ही गृहभेटींची योजना आहे. प्रसूती घरी झाली असेल तर पहिल्या दिवसाचीही भेट असते.

या भेटींमागे महाराष्ट्रातीलच एक प्रयोग आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत स्थानिक स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती निगेचे प्रशिक्षण दिले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिसऱ्या वर्षात नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांत दिसले. स्तनपानास मदत हा त्या निगेचा एक भाग होता. गावातील, ओळखीची, प्रशिक्षित बाई घरी येऊन बसते, एवढ्या साध्या गोष्टीचे वजन त्या आकड्यात आहे. आशांना मिळणारा मोबदला या वजनाच्या मानाने फार तोकडा आहे, हे येथे नोंदवल्यावाचून राहवत नाही.

आशांनंतरची पायरी म्हणजे उपकेंद्रातील आरोग्य सेविका आणि समुदाय आरोग्य अधिकारी, त्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्र. मोठी अडचण असेल तर बारामतीचे सिल्व्हर ज्युबिली उपजिल्हा रुग्णालय, इंदापूरचे उपजिल्हा रुग्णालय आणि २०१९ पासून बारामतीत सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही ठिकाणे आहेत. ज्या दवाखान्यात प्रसूती झाली तेथील प्रसूती कक्षाच्या सिस्टरना घरी गेल्यावरही विचारता येते. आपण तेथे पुन्हा फक्त टाके दाखवायलाच जातो. अंगणवाडी सेविका स्तनदा मातेचा आहार आणि बाळाचे वजन यांसाठी आहेत. बाळाचे वजन वाढते आहे की नाही, हा दूध पुरते की नाही याचा सर्वांत भरवशाचा पुरावा असल्याने त्यांचे काम येथे मोलाचे ठरते.

तथापि माणूस सापडले एवढ्याने भागत नाही; त्याच्याकडे काय मागायचे हे कळले पाहिजे. 'दूध येत नाही, काय करू?' असे विचारले तर उत्तरादाखल बहुधा एखादे औषध किंवा लाडवाची कृती मिळते. त्याऐवजी असे म्हणावे : 'ताई, मी पाजताना जरा जवळ बसून बघा.' मदतीची गुणवत्ता या एका वाक्याने बदलते. जाणकार स्त्री मग चार गोष्टी पाहील. बाळाचे संपूर्ण अंग आईकडे वळलेले आहे का? तोंड मोठे उघडले आहे का? खालचा ओठ बाहेर वळलेला आणि हनुवटी छातीला टेकलेली आहे का? बोंडशीभोवतीचा काळसर भागही बाळाच्या तोंडात गेला आहे का? बाळ केवळ बोंडशी चघळत असेल तर आईला दुखते आणि बाळाला दूध मिळत नाही. बहुतेक चिरांचे कारण हेच असते आणि धरण्याची पद्धत सुधारली की दोन-तीन दिवसांत आराम पडतो. छाती फार ताठली असेल तर आधी हाताने थोडे दूध काढून ती मऊ करावी, म्हणजे बाळाला धरता येते. छातीवर लाल, दुखरा चट्टा येऊन ताप भरला तर डॉक्टरांकडे जावे, पण पाजणे थांबवू नये.

घरच्यांना काही खुणा स्वतःही ओळखता येतात. नवजात बाळ चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पिते. पाचव्या-सहाव्या दिवसापासून ते दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लंगोट ओला करते. पहिल्या काही दिवसांत वजन थोडे उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत जन्मवेळच्या वजनावर परत येते. बाळ रडते म्हणजे भुकेलेच आहे असे मात्र नाही. ते उबेसाठी, कुशीसाठीही रडते. परंतु बाळ पिणेच सोडून दिले, अंग सैल पडले, हातापायांना गार किंवा तापलेले लागले, श्वास जलद झाला, किंवा कावीळ तळहात-तळपायांपर्यंत पिवळी दिसू लागली, तर घरगुती उपायांत एक तासही घालवू नये. १०२ किंवा १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली शासकीय रुग्णालयात आजारी बालकाचे उपचार आणि ने-आण विनामूल्य आहे.

स्वयं-अध्ययन : 'दूध नाही', 'दूध उतरत नाही', 'पान्हा फुटत नाही', 'बाळ लागत नाही' या चार वाक्यांतील क्रियापदे पाहा. प्रत्येक वाक्यात दोष कोणाकडे जातो? आशाताईंच्या जागी तुम्ही असाल तर प्रत्येक वाक्यानंतर कोणता प्रश्न विचाराल?

घरातील वडीलधाऱ्या

आधार म्हटला की सरकारी यंत्रणेचा विचार आधी होतो. पण पहिले चाळीस दिवस खरी सत्ता आई आणि सासू यांची असते. त्यांच्याकडे पुष्कळ काही चांगले आहे. बाळंतिणीला कामातून सुटका, मालीश, शेक, बाजरी, अळीव, डिंकाचे आणि मेथीचे लाडू, वेळेवर गरम जेवण. लाडवाने दूध वाढते की नाही यावर वाद घालण्यात अर्थ नाही. बाळंतिणीला कोणीतरी आठवणीने खाऊ घालते, हे पान्ह्याला पोषकच आहे. बाळ अशक्त असून त्याला ओढता येत नसेल तेव्हा जुन्या घरांतले चोचीचे बोंडलेही उपयोगी पडते. आईचे काढलेले दूध त्यातून पाजता येते आणि बाटलीची सवय लागत नाही. मात्र ते उकळून स्वच्छ केलेले असावे.

अडचण येते ती मध, घुटी आणि पाणी यांपाशी. सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही, अगदी चैत्र-वैशाखातही पाणी, देऊ नये. दुधात पाणी पुरेसे असते. मध तर वर्षभर वर्ज्य समजावा, कारण त्यातून क्वचित का होईना गंभीर विषबाधा होऊ शकते. हे सासूबाईंना सांगायचे कसे, हा खरा भाषेचा प्रश्न आहे. 'डॉक्टर नको म्हणालेत' असे तोडून सांगितले की वडीलधाऱ्या माणसाचा अनुभव मोडीत निघतो आणि घुटी मग लपून दिली जाते. 'आत्या, आज सकाळपासून यानं सात वेळा लंगोट ओला केला, तुम्हीच मोजा की,' असे म्हटले तर त्याच आत्या मोजदादीच्या मालकीण होतात. अनेक आशा ही युक्ती न शिकवता वापरतात. २०१६ साली सुरू झालेल्या 'मा' या राष्ट्रीय कार्यक्रमात गावपातळीवर मातांच्या बैठका घेण्याची तरतूद आहे. अशा बैठकीला सुनेबरोबर सासूही आली तर निम्मे काम तेथेच होते.

उसाच्या तळावर

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूर तालुक्यातील कर्मयोगी आणि नीरा-भीमा या साखर कारखान्यांच्या परिसरात दिवाळीच्या सुमारास कोप्या उभ्या राहतात. बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून आलेली ऊसतोड कुटुंबे गळीत हंगाम संपेपर्यंत तेथे राहतात. नवराबायकोची जोडी मिळून एक 'कोयता' मोजला जातो, उचल आधीच घेतलेली असते, आणि एका दिवसाच्या खाड्याचे पैसे कापले जातात. या हिशेबात ओल्या बाळंतिणीला स्थान नाही. पहाटे फडात जायचे, बाळाला बांधावर किंवा कोपीत मोठ्या बहिणीजवळ ठेवायचे आणि मोळ्या वाहून झाल्यावर पाजायचे. दूध भरपूर असूनही पाजण्याला वेळ नसतो. येथे स्तनपानाचा सल्ला देणे म्हणजे थट्टा ठरू शकते, जोवर त्याबरोबर बाळाला फडाजवळ सावलीत ठेवण्याची आणि मधून थांबण्याची परवानगी मिळत नाही.

ती परवानगी मुकादमाच्या हातात असते. म्हणून येथे आधार शोधताना पहिला संवाद मुकादमाशी आणि शेतमालकाशी करावा लागतो. दुसरा संवाद जवळच्या अंगणवाडीशी. मातेचे नाव मूळ गावी नोंदलेले असले तरी ती जेथे राहते तेथील अंगणवाडीतून आहार आणि बाळाचे वजन या सेवा तिला मिळाव्यात, ही अपेक्षा आहे. पण तळावर आलेल्या बाईला आपण कोणत्या वाडीच्या हद्दीत आहोत हेही ठाऊक नसते. हंगामाच्या सुरुवातीस कोणीतरी स्थानिक माणसाने कोप्यांतून एक फेरी मारली आणि 'कोण गरोदर, कोण ओली बाळंतीण' एवढी यादी आशाताईंच्या हाती दिली, तर पुढची साखळी चालू होते. तुमच्या शेतात तोड आली असेल तर ते स्थानिक माणूस तुम्हीच आहात.

नोकरीवर परतताना

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत आणि कापड उद्योगात स्त्रिया मोठ्या संख्येने काम करतात. कायद्यानुसार पात्र स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत रोज नेहमीच्या विश्रांतीखेरीज पाजण्यासाठी दोन सुट्या आहेत. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर आवश्यक आहे आणि आईला तेथे दिवसातून चार वेळा जाता येते. हे हक्क मागण्यासाठी लेखी अर्ज करावा. कामावरून दूर असताना हाताने काढलेले दूध स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात सावलीच्या जागी साधारण चार तास टिकते. आपल्याकडील उन्हाळ्यात त्याहून कमी धरावे.

क्षेत्रकार्य

आपल्या गावातील किंवा वॉर्डातील आशा, आरोग्य सेविका आणि अंगणवाडी सेविका यांची नावे व क्रमांक एका कागदावर लिहा आणि तो घरात सर्वांना दिसेल असा लावा. त्यानंतर साठीच्या पुढील एका आणि गेल्या वर्षभरात बाळंत झालेल्या एका स्त्रीची, त्यांच्या संमतीने, स्वतंत्रपणे भेट घ्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांच्याजवळ कोण होते, काय सांगितले गेले, आणि त्यांनी अडचण कोणत्या शब्दांत मांडली, हे त्यांच्याच बोलीत टिपून घ्या. प्रमाण मराठीत बदलू नका. नावे लिहू नका. दोन्ही टिपणे अभ्यासकेंद्रातील पुढील संपर्कसत्रास सोबत आणा. भेटीच्या वेळी एखादी बाळंतीण अडचणीत असल्याचे आढळल्यास टिपण बाजूला ठेवून आधी भिंतीवरच्या कागदावरील क्रमांक लावा.